ड्रमवरचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर : बसविण्याची पद्धत आणि निगा

रंगमंचावरील ड्रमचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोहोचविण्याचे काम अनेक वर्षे केवळ मायक्रोफोन करीत असे. आता त्याच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक ट्रिगर आला आहे. ड्रमच्या कड्यावर बसविलेले, मुठीत मावणारे हे उपकरण वादकाच्या ठोक्याचे रूपांतर विद्युत संकेतात करते आणि त्या संकेताबरोबर मॉड्यूल नावाच्या यंत्रात साठविलेला आवाज ध्वनिक्षेपकातून उमटतो. रॉक व मेटल संगीताचे समूह, चित्रपटगीतांचे ऑर्केस्ट्रा आणि घरी सराव करणारे विद्यार्थी अशा सर्वांसाठी हे साधन उपयुक्त ठरले आहे.

मात्र ट्रिगर निष्काळजीपणे बसविल्यास वादकाने न वाजविलेला ठोका श्रोत्यांना ऐकू येतो, तर वाजविलेला ठोका गायब होतो. ड्रमच्या कड्यावर ओरखडे उमटतात, पानाला खाच पडते आणि वीजजोडणीत हयगय झाली असेल तर प्रसंग वादकाच्या जिवावर बेतू शकतो. अडचण आली की बहुतेक जण प्रथम मॉड्यूलची बटणे फिरवू लागतात. वस्तुतः दोषाचे मूळ पुष्कळदा ड्रमच्या ताणात, ट्रिगरच्या बैठकीत किंवा केबलमध्ये असते. त्यामुळे आधी ड्रम, मग ट्रिगरची बैठक, त्यानंतर केबल व वीज आणि सर्वांत शेवटी मॉड्यूल, हा क्रम पाळणे हिताचे ठरते.

ट्रिगर ऐकत नाही, कंपन टिपतो

मायक्रोफोन हवेतून येणारा आवाज टिपतो. ट्रिगर मात्र ड्रमच्या पानाचे किंवा कड्याचे कंपन टिपतो. त्याच्या पोटात बहुधा पिझो जातीची चकती असते. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्यात विद्युतभार निर्माण होतो, हे फ्रान्समधील जॅक क्युरी आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. त्याच तत्त्वावर ही चकती काम करते. पितळेच्या पातळ पत्र्यावर सिरॅमिकचा थर चढविलेला असतो. ठोका पडला की चकती किंचित वाकते आणि क्षणभर विद्युतदाब निर्माण करते. ठोका जितका जोरदार, तितका हा दाब अधिक.

मॉड्यूल हा दाब मोजते, त्यावरून ठोक्याची तीव्रता ठरविते आणि त्या तीव्रतेला साजेसा आवाज काढते. वाद्यांना आणि संगणकाला एकमेकांशी जोडणारी मिडी ही प्रमाणपद्धती १९८३ मध्ये प्रचारात आली. तिच्या मूळ आवृत्तीत ठोक्याची तीव्रता १ ते १२७ या अंकांत सांगितली जाते. हलक्या स्पर्शापासून पूर्ण जोराच्या आघातापर्यंतचा वादकाचा हात या अंकांत बसवावा लागतो. ट्रिगरची बैठक बिघडली, तर हा हिशेबच बिघडतो.

महाराष्ट्रातील वाचकांना ऑक्टोपॅड परिचयाचा आहे. रोलँड या जपानी कंपनीने १९८५ मध्ये आणलेले हे वाद्य पुढे ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पार्ट्यांमध्ये रुळले. ऑक्टोपॅडमध्येही ठोका टिपणारे संवेदक असतात. परंतु ते रबराच्या पॅडखाली कारखान्यातच बसविलेले असतात. ट्रिगर मात्र खऱ्या ड्रमवर वादकाला स्वतः बसवावा लागतो. ऑक्टोपॅडचे पॅड ठोक्यानंतर लगेच शांत होते, ड्रमचे पान मात्र बराच वेळ थरथरत राहते. ट्रिगरच्या बहुतेक अडचणी या एका फरकातून उद्भवतात.

पॅड ते पान

इलेक्ट्रॉनिक ड्रमचा प्रसार १९८० च्या दशकात झपाट्याने झाला. ब्रिटनमधील सिमन्स कंपनीचा षटकोनी पॅडांचा संच १९८१ मध्ये बाजारात आला आणि त्या काळातील पॉप संगीतावर त्याचा ठसा उमटला. परंतु त्या पॅडांचा पृष्ठभाग अतिशय कठीण होता आणि त्यामुळे मनगट दुखते, अशी वादकांची तक्रार असे. रोलँडने १९९७ मध्ये जाळीच्या पानाचा संच आणल्यानंतर हातांना खऱ्या ड्रमसारखी उसळी मिळू लागली.

या प्रवासाबरोबरच दुसरा विचारही बळावत गेला. आपला नेहमीचा ड्रम तसाच ठेवून त्यावर केवळ संवेदक बसवावा, असा तो विचार होता. स्वीडनमध्ये जन्मलेला डीड्रम, जपानचे रोलँड व यामाहा अशा अनेक नाममुद्रांचे ट्रिगर आज उपलब्ध आहेत. अतिजलद दुहेरी पेडलवर बास ड्रम वाजविणाऱ्या मेटल वादकांनी त्यांचा विशेष अवलंब केला. अशा वेगात मायक्रोफोनमधून येणारे ठोके एकमेकांत मिसळतात. ट्रिगरमुळे प्रत्येक ठोका सुटा आणि स्वच्छ ऐकू येतो.

नवशिक्या वादकाने पहिल्याच दिवशी संपूर्ण संचावर ट्रिगर बसविणे टाळावे. स्नेअर आणि बास ड्रम या दोहोंपासून सुरुवात केल्यास खर्च कमी येतो आणि दोष कोठे आहे हे शोधणेही सोपे जाते. पुढील विवेचन प्रामुख्याने अशा दोन ट्रिगरांच्या मांडणीस अनुसरून केलेले आहे.

बसविण्यापूर्वी ड्रमची तपासणी

ढोल-ताशा पथकांत ज्याला पान म्हणतात, त्यालाच पाश्चात्त्य ड्रमच्या संदर्भात हेड म्हटले जाते. आजची बहुतेक पाने पॉलिएस्टरच्या पातळ पटलाची असतात. ट्रिगर बसविण्यापूर्वी पान फाटलेले, खोलगट झालेले किंवा एका बाजूस सैल पडलेले नाही ना, हे पाहावे. पानाचा ताण सर्व स्क्रूंजवळ सारखा असणे आवश्यक आहे. प्रत्येक स्क्रूपासून सुमारे अडीच सेंटिमीटर आत काठीच्या टोकाने हलका ठोका देऊन स्वर ऐकावा आणि चढा-उतार आढळल्यास ड्रमच्या किल्लीने तो समान करावा. स्क्रू समोरासमोरच्या जोडीने आणि थोडेथोडे फिरवावेत.

सैल किंवा असमान ताणाचे पान एका ठोक्यानंतर वेडेवाकडे हेलकावत राहते. ट्रिगर त्या हेलकाव्यालाही नवा ठोका समजतो. पान पुरेसे ताणलेले असेल आणि त्यावर जेलची छोटी चकती किंवा आवाज दाबणारे कडे ठेवले असेल, तर हा दोष पुष्कळ प्रमाणात दूर होतो. बास ड्रममध्ये पानाला टेकेल अशी लहान उशी किंवा घडी केलेली चादर ठेवण्याची जुनी पद्धत येथेही उपयोगी पडते.

त्यानंतर कड्याचा प्रकार ओळखावा. पत्रा वळवून तयार केलेले कडे, साच्यात ओतलेले जाड कडे आणि लाकडी कडे असे तीन प्रकार सामान्यतः आढळतात. ट्रिगरची पकड ठरावीक जाडीच्या कड्यासाठी तयार केलेली असते. ती जाड कड्यावर बळेच बसविल्यास पकडीचा स्क्रू वाकतो किंवा कड्याचा मुलामा उडतो. खरेदीपूर्वी कड्याची जाडी मोजून ती ट्रिगरच्या माहितीपुस्तिकेशी पडताळून पाहणे, हा त्यावरचा साधा उपाय होय.

अनेक सभागृहांत ड्रमसंच भाड्याने आणलेला किंवा आयोजकांचा असतो. अशा वेळी मालकाची परवानगी घेऊनच ट्रिगर बसवावा आणि पकडीखाली पातळ रबराची किंवा चामड्याची पट्टी ठेवावी. ड्रमच्या लाकडी अंगाला, म्हणजे शेलला, छिद्र पाडून आत ट्रिगर बसविण्याचा मार्ग केवळ स्वतःच्या ड्रमसाठी आणि तोही अनुभवी कारागिराकडूनच पत्करावा. पाडलेले छिद्र पुन्हा बुजविता येत नाही.

जागा आणि बैठक

स्नेअरवरील जागा निवडण्यासाठी ड्रमकडे घड्याळाची तबकडी म्हणून पाहावे. वादक सहाच्या आकड्याजवळ बसलेला असतो. ट्रिगर शक्यतो त्याच्या समोरच्या अर्ध्या भागात, दोन स्क्रूंच्या मधल्या मोकळ्या जागेत असावा. वरून झुकलेल्या टॉमचा, बाजूच्या हाय-हॅटचा आणि स्नेअरच्या तारा सोडण्याच्या खटक्याचा त्याला स्पर्श होता कामा नये. काठी आडवी धरून कड्यावर ठोका देण्याची जागाही मोकळी सोडावी. जागा नक्की करण्यापूर्वी वादकाने पाच मिनिटे नेहमीसारखे वाजवावे आणि दुसऱ्या व्यक्तीने काठ्या कोठवर जातात, याचे निरीक्षण करावे. ट्रिगरवर काठी आदळण्याचा धोका अशा रीतीने आधीच लक्षात येतो.

ठोका संवेदकाच्या जवळ पडला तर संकेत मोठा येतो, दूर पडला तर लहान. वादक ज्या जागी बहुतांश ठोके देतो त्या जागेच्या अगदी निकट ट्रिगर असेल, तर एखादा हलका ठोकाही जोरदार ठोक्यासारखा ऐकू येण्याची शक्यता असते. म्हणूनही ट्रिगर वादकाच्या समोरच्या बाजूस ठेवणे श्रेयस्कर मानले जाते.

पानाला टेकणाऱ्या संवेदकाच्या टोकाशी फोमचा किंवा रबराचा तुकडा असतो. त्याचा पानाशी अखंड स्पर्श राहावा, परंतु दाबामुळे पान खाली वाकता कामा नये. स्पर्श अपुरा असेल तर जोरदार ठोक्याच्या वेळी पान व संवेदक क्षणभर विलग होतात आणि एकाचे दोन ठोके होतात. दाब अधिक असेल तर पानाचा नाद मरतो, फोम लवकर चपटा होतो आणि पानावर कायमची खूण राहते. फोम किती दाबला जावा हे नमुन्यानुसार बदलते. त्यासाठी उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकृतीच प्रमाण मानावी.

पकडीचा स्क्रू बोटांनी घट्ट करावा. पक्कड वापरण्याचा मोह टाळावा. त्यानंतर ट्रिगर हाताने हलवून पाहावा. तो डुगडुगत असेल तर पकड कड्यावर तिरकी बसली आहे, असे समजावे. ट्रिगर बसविल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्क्रूंजवळ पानाचा स्वर पुन्हा एकदा तपासावा.

बास ड्रमवरील विशेष काळजी

बास ड्रमचे कडे बहुधा लाकडी असते आणि पेडलची पकडही त्यावरच असते. ट्रिगर पेडलपासून दूर, कड्याच्या वरच्या किंवा बाजूच्या भागात बसवावा. पेडलचा हातोडा पानाच्या मध्याजवळ आदळतो. तेथून ट्रिगर पुरेसा दूर असतो, परंतु त्याची केबल खाली लोंबत राहिल्यास पेडलच्या साखळीत अडकू शकते. कार्यक्रमाच्या मध्यावर ट्रिगर उखडला जाण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. केबल कड्याच्या बाजूने नेऊन वेल्क्रोच्या पट्टीने बांधावी आणि ट्रिगरजवळ थोडी सैल ठेवावी, म्हणजे ओढ बसली तरी ताण जोडणीवर येत नाही.

लाकडी कड्यावर पकडीच्या दोन्ही बाजूंस रबर असणे आवश्यक आहे. उघडा धातू लाकडात रुततो आणि रंगाचे कवच उडवितो.

केबल आणि वीज

बहुसंख्य ट्रिगरांना गिटारसारखी ६.३५ मिलिमीटरची जॅक केबल लागते. काही ट्रिगर पान आणि कडे या दोहोंचे संकेत स्वतंत्रपणे पाठवितात. त्यांना तीन जोडबिंदू असलेली स्टिरिओ केबल आवश्यक असते. दोन जोडबिंदूंची साधी केबल लावल्यास कड्याचा आवाज मिळत नाही आणि वादक ट्रिगरलाच दोष देत बसतो. काही नमुन्यांत मायक्रोफोनसारखी तीन पिनांची एक्सएलआर जोडणी असते. अशा ट्रिगरची केबल मिक्सरच्या मायक्रोफोन इनपुटमध्ये लावू नये. तेथे मायक्रोफोनसाठीचा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा सुरू असू शकतो आणि हा ट्रिगर त्यासाठी बनविलेला नसतो. ट्रिगरची जागा मॉड्यूलच्या ट्रिगर इनपुटमध्येच आहे.

स्वतः ट्रिगरला विजेची गरज नसते. धोका असतो तो मॉड्यूलचा पुरवठा, मिक्सर आणि ध्वनिक्षेपक यांच्या जोडणीत. भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. उघड्यावरील मंडपात तो अनेकदा जनरेटरवरून, तात्पुरत्या तारांनी घेतलेला असतो. जनरेटरला अर्थिंग नसेल आणि एखाद्या उपकरणात विजेची गळती असेल, तर मॉड्यूलचा धातूचा भाग, कानातील मॉनिटर किंवा शेजारचा मायक्रोफोन यांच्या स्पर्शाने धक्का बसू शकतो. ओले अंगण आणि अनवाणी पाय यांमुळे धोका कित्येक पटींनी वाढतो.

यासाठी काही नियम कटाक्षाने पाळावेत. मंचावरील संपूर्ण पुरवठा ३० मिलिअँपिअर क्षमतेच्या आरसीसीबी या गळतीरोधक स्विचमधून घ्यावा. मॉड्यूल आणि मिक्सर शक्यतो एकाच अर्थिंग असलेल्या पुरवठ्यावर असावेत. ध्वनिक्षेपकातून घरघर येऊ लागली की तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती प्राणघातक आहे. घरघर घालविण्यासाठी मॉड्यूल आणि मिक्सर यांच्या मध्ये डीआय बॉक्स लावावा आणि त्यावरील ग्राउंड लिफ्टचा खटका वापरावा. त्याने केवळ ध्वनिसंकेताच्या केबलमधील ग्राउंडची जोडणी तुटते, विजेचे संरक्षण कायम राहते.

मॉड्यूलसाठी उत्पादकाने सांगितलेलाच अ‍ॅडॅप्टर वापरावा. व्होल्ट जुळले तरी धन व ऋण टोकांची मांडणी उलट असल्यास मॉड्यूल निकामी होऊ शकते. यंत्रे सुरू करताना प्रथम मॉड्यूल, मग मिक्सर आणि शेवटी अ‍ॅम्प्लिफायर, तर बंद करताना नेमका उलट क्रम ठेवावा. केबल लावताना किंवा काढताना आवाज पूर्ण खाली घ्यावा.

मॉड्यूलची जुळवणी

बैठक आणि जोडणी ठीक झाल्यानंतरच मॉड्यूलकडे वळावे. बहुतेक मॉड्यूलांमध्ये ट्रिगरचे प्रकार आधीच नोंदविलेले असतात. आपल्या ट्रिगरचे किंवा त्याला जवळचे नाव निवडल्यास निम्मे काम होते. त्यानंतर एका वेळी एकच मूल्य बदलावे.

पहिले मूल्य संवेदनशीलतेचे. वादकाने आपल्या नेहमीच्या सर्वांत मोठ्या जोराने ठोके द्यावेत. त्या वेळी दर्शकावरील अंक कमाल मर्यादेच्या जवळ पोहोचावा, पण प्रत्येक ठोक्याला तिथेच खिळून राहू नये. तो खिळून राहिला, तर मध्यम आणि जोरदार ठोक्यांतील भेद नाहीसा होतो.

दुसरे मूल्य उंबरठ्याचे. यालाच थ्रेशोल्ड म्हणतात. या पातळीखालील कंपनांकडे मॉड्यूल दुर्लक्ष करते. उंबरठा फार खाली असेल तर मंचावर कोणी चालले तरी आवाज उमटतो. फार वर नेल्यास स्नेअरवरील अतिहलके ठोके हरवतात आणि तालातील नजाकत लोप पावते. प्रथम तो खाली ठेवून खोटे ठोके बंद होतील इतकाच वर न्यावा.

तिसरे मूल्य स्कॅन टाइमचे. ठोका सुरू झाल्यापासून त्याचे शिखर गाठले जाईपर्यंत मॉड्यूल किती वेळ वाट पाहील, हे त्यावरून ठरते. हा काळ काही मिलिसेकंदांचाच असतो. तो कमी असेल तर सारख्या जोराच्या ठोक्यांना वेगवेगळे अंक मिळतात, अधिक असेल तर आवाज उशिरा उमटतो. हवेत ध्वनीला एक मीटर अंतर कापण्यास सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. त्यामुळे तीन मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे ड्रम एक मीटर दूर सरकल्यासारखे होय. एवढा विलंब खपून जातो, परंतु त्यात संगणकाचा विलंब मिळविला की वादकाला तो जाणवू लागतो.

चौथे मूल्य मास्क टाइमचे. एक ठोका नोंदविल्यावर काही काळ दुसरा न नोंदविण्याची ही सूचना असते. पानाच्या थरथरीमुळे होणारे दुहेरी ठोके तिने थांबतात. मात्र हा काळ अधिक वाढविल्यास जलद वादनातील खरे ठोकेही गिळले जातात. म्हणूनच दुहेरी ठोक्यांवरचा पहिला उपाय पानाचा ताण आणि दाबपट्टी हा आहे, मास्क टाइम नव्हे.

जुळवणी पूर्ण झाल्यावर ती मॉड्यूलमध्ये जतन करावी आणि मूल्ये वहीतही उतरवून ठेवावीत. ऐन कार्यक्रमात मॉड्यूल बदलावे लागल्यास ही वही मोलाची ठरते.

एकाचा ठोका दुसऱ्याच्या खात्यात

बास ड्रम वाजविला आणि स्नेअरचा आवाजही उमटला, तर त्यास क्रॉसटॉक म्हणतात. कंपन स्टँडमधून, फळ्यांच्या मंचातून किंवा हवेतूनही एका ड्रमकडून दुसऱ्याकडे जाते. दोन टॉम एकाच दांड्यावर बसविलेले असतील तर हा दोष अधिक आढळतो. स्टँड वेगळे करणे, त्यांच्या पायांखाली जाड रबर ठेवणे आणि संच गालिच्यावर मांडणे हे प्राथमिक उपाय होत. ते करूनही दोष उरल्यास मॉड्यूलमधील क्रॉसटॉक रद्द करण्याची सोय अगदी अल्प प्रमाणात वापरावी. ती वाढविल्यास दोन ड्रम एकाच वेळी वाजविताना त्यांपैकी एक गप्प होतो.

मोठ्या मंचावर आणखी एक अडचण संभवते. खर्जाचा मोठा स्पीकर ड्रमसंचाच्या अगदी जवळ असेल, तर बास ड्रमचा आवाज स्पीकरमधून निघून पानाला हलवितो. ट्रिगर त्यास नवा ठोका समजतो, पुन्हा आवाज निघतो आणि बंदुकीच्या फैरींसारखी मालिका सुरू होते. स्पीकर दूर सरकविणे किंवा त्याचे तोंड वळविणे हाच त्यावरील खरा उपाय आहे. घरातील शांत खोलीत केलेली जुळवणी मंचावर तशीच चालेल, असे गृहीत धरू नये. ध्वनितपासणीच्या वेळी प्रथम प्रत्येक ड्रम एकटा, नंतर सर्व ड्रम एकत्र आणि शेवटी संपूर्ण समूहासह वाजवून पाहावे. वादकाने हात थांबविल्यावर समूह वाजत असतानाही मॉड्यूल शांत राहिले, तर जुळवणी योग्य झाली असे समजण्यास हरकत नाही.

दैनंदिन निगा

कार्यक्रमानंतर ट्रिगर कोरड्या, मऊ कापडाने पुसावा. संवेदकाच्या फोमवर पाणी, तेल किंवा काच पुसण्याचे द्रव लावू नये. पकडीचा स्क्रू दर कार्यक्रमापूर्वी तपासावा, कारण सततच्या कंपनाने तो सैल पडतो. ट्रिगर ड्रमवर तसाच ठेवून ड्रम पिशवीत घालू नये. ओझ्याखाली पकड वाकते आणि संवेदक पानात रुतून बसतो.

फोम चपटा, कडक किंवा भुसभुशीत झाला की बदलावा. पूर्वीइतक्याच जोराच्या ठोक्यांना दर्शकावरील अंक हळूहळू घसरू लागले, तर फोम झिजल्याची ती खूण असते. पान बदलल्यावर बैठक आणि संवेदनशीलता या दोन्हींची तपासणी नव्याने करावी, कारण नवे पान जुन्यासारखे कंप पावत नाही.

कोकण, गोवा आणि देशाच्या इतर किनारी भागांतील खारी हवा, तसेच पावसाळ्यातील दमटपणा जॅकच्या धातूवर गंज आणतो. त्यातून खरखर आणि अधूनमधून तुटणारा संकेत निर्माण होतो. ट्रिगर व केबल बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. जॅक स्वच्छ करण्यासाठी इलेक्ट्रॉनिक जोडण्यांकरिता मिळणारा क्लीनरच वापरावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच जोडणी करावी. केबल कोपराभोवती आवळून न गुंडाळता सैल वेटोळे करून ठेवावी. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ट्रिगर ठेवू नये. उष्णतेने फोमचा गोंद सुटतो.

संकेत येईनासा झाल्यास प्रथम केबल बदलावी, मग तीच केबल मॉड्यूलच्या दुसऱ्या इनपुटला लावून पाहावी आणि शेवटी ट्रिगर बदलावा. या क्रमाने दोष नेमका कोठे आहे ते काही मिनिटांत कळते. जवळ एक जादा केबल आणि शक्य असल्यास एक जादा ट्रिगर असणे केव्हाही इष्ट.

काही हौशी वादक बाजारातील सुटी पिझो चकती घेऊन स्वतःच ट्रिगर तयार करतात. हा मार्ग स्वस्त आणि शिकण्यासारखा आहे, पण तिथेही पथ्ये आहेत. चकतीला तार जोडताना तापलेली सोल्डरची लेखणी क्षणभरच टेकवावी, अन्यथा सिरॅमिकचा गुण नष्ट होतो. जोरदार ठोक्याने चकतीतून अनेक व्होल्टचा झटका निघू शकतो. त्यामुळे ती मायक्रोकंट्रोलरच्या मंडळाला थेट जोडू नये. समांतर रोधक आणि झेनर डायोड यांचे संरक्षण द्यावे. या सिरॅमिकमध्ये बहुधा शिशाचे संयुग असते. फुटलेली चकती मुलांच्या हाती लागू देऊ नये, हाताळल्यावर हात धुवावेत आणि ती घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावी.

कानांची काळजी

ट्रिगरचा एक मोठा लाभ क्वचितच सांगितला जातो. नेहमीच्या पानाऐवजी जाळीचे पान बसविले, तर ड्रमचा स्वतःचा आवाज अत्यंत कमी होतो आणि सराव हेडफोनवर करता येतो. दाट वस्तीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या शेजाऱ्यांनाही त्याने दिलासा मिळतो. मात्र हेडफोनचा आवाज वाढवीत नेल्यास हा लाभ व्यर्थ ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने सरासरी ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानता येते. पातळी वाढत जाते तसा हा अवधी झपाट्याने घटतो.

जोरदार वाजविलेल्या ड्रमचा आवाज वादकाच्या कानाशी १०० डेसिबलच्याही पुढे जाऊ शकतो. कार्यक्रमस्थळी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपेक्षा अधिक असू नये, अशी शिफारस याच संघटनेने २०२२ मध्ये केली. ट्रिगर असला तरी साध्या पानावर वाजविणाऱ्या वादकाने कानात संरक्षक बोळे घालणे आवश्यक आहे. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत मिळत नाही.

मर्यादा ओळखून वापर

ट्रिगर ठोक्याची वेळ आणि जोर सांगतो. काठी पानावर घासली, ब्रश फिरविला, बोटांनी पान दाबले किंवा काठ्यांचा सलग घुमारा काढला, तर त्यातील बारकावे साधा ट्रिगर पूर्णपणे टिपू शकत नाही. अलीकडच्या काही प्रणाली पानाच्या कंपनाचे अधिक सूक्ष्म विश्लेषण करून ठोका कोठे आणि कसा पडला, हेही ओळखतात. तरीही अनेक ध्वनिसंयोजक ट्रिगरबरोबर मायक्रोफोन कायम ठेवतात. मायक्रोफोनमधून ड्रमचा श्वास येतो, ट्रिगरमधून ठोक्याची धार येते आणि दोहोंच्या मिश्रणातून श्रोत्यांपर्यंत परिपूर्ण नाद पोहोचतो. दोन्ही संकेत एकत्र करताना त्यांच्यातील काही मिलिसेकंदांचे अंतर मिक्सरवर जुळवून घ्यावे लागते. अन्यथा आवाज पोकळ वाटतो.

ट्रिगरमुळे वादकाचे कौशल्य झाकले जाते, असा आक्षेप विशेषतः मेटल संगीताच्या वर्तुळात घेतला जातो. हलका ठोकाही जोरदार ऐकू येईल अशी जुळवणी करता येते, हे खरे. परंतु ट्रिगर चुकलेली लय दुरुस्त करीत नाही. उलट प्रत्येक ठोका सुटा ऐकू आल्याने वेळेतील चूक अधिक ठळक होते. नीट ताणलेले पान, घट्ट पण हलकी बैठक, सुरक्षित वीज आणि संयमाने केलेली जुळवणी एवढी पथ्ये पाळली, तर वादकाच्या हातात जे आहे ते आणि तेवढेच श्रोत्यांपर्यंत पोहोचते.